शेडचा दोर आणि आखाजीचा झोका

निंबाभाऊ मुळातच भित्रा माणूस. वारा जरा फिरला की शेडच्या दारात उभं राहून आभाळाकडे बघत बसणार. आम्ही बाया त्याची लई मजा घ्यायचो. "भाऊ, पत्रा धरून बसा, नाहीतर उडून जाईल!" फैजपूरच्या रस्त्यावरचं हे केळीचं शेड. मी, कोकिळा, इथं फण्या धुऊन कॅरेटात भरते आणि निंबाभाऊ राखणदार, शेडच्याच पश्चिमेच्या खोलीत राहणारा. पत्र्यांचे बोल्ट गंजलेले, म्हणून चारही कोपऱ्यांवरून जाड दोर टाकून जमिनीतल्या लोखंडी खुंट्यांना आवळायचे, हे कामही त्याचंच.

त्याची एकुलती एक लेक मोहिनी पाचोऱ्याला दिलेली. गेल्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, ती पहिल्या बाळंतपणासाठी राहिलीच. आता आखाजीला लेक घरी आणि झोका नाही, असं कुठं होतं का? पण बाजारातला दोर भाऊला पसंत पडेना. "पोटुशी पोर आहे माही. तुटला म्हणजे?" असं म्हणत ह्या भित्र्या माणसानं शेडच्या पश्चिम कोपऱ्याचाच दोर सोडला आणि कडुलिंबाला बांधला. आखाजी झाली की परत लावतो म्हणाला. आखाजी झाली. पोर रोज संध्याकाळी झोक्यावर टेकायची, हळूच पाय हलवायची, आणि बापाचा हात काही त्या दोराला जाईना. आम्हीही कुणी बोललो नाही.

मे सरता सरता एका दुपारी शेडमालक योगराजशेठचा फोन आला. चोपड्याकडून मोठं वादळ-वावधान येतंय, बागा आडव्या झाल्यात, शेड आवरा. मग काय, नुसती धावपळ! शटर ओढली, कॅरेटांच्या थप्प्या उतरवल्या, ट्रक लांब नेला, अंगणातलं सुटं सामान आत टाकलं. आभाळ मातकट लाल झालं होतं. पाखरू बोलेना.

तेवढ्यात निंबाभाऊ पश्चिमेच्या कोपऱ्याकडे बघून ओरडला. "कोकिळे, दोर!"

पश्चिमेचा कोपरा उचलला की सगळं छप्पर जाणार. आत आम्ही वीसेक बाया, आणि त्याच कोपऱ्याखालच्या खोलीत मोहिनी, नववा महिना लागलेली. जवळ पक्कं घर नाही, चहूकडे केळीच केळी. पोरीला बाहेर काढावं, तर वाऱ्यात सुटलेला पत्रा मान कापतो.

भाऊ लिंबाकडे पळाला. पोरीच्या वजनानं गाठी अशा आवळलेल्या की दातांनी ओढल्या तरी सुटेनात. शेवटी कोयता मारला, गाठी लिंबालाच राहिल्या. दोर पत्र्यावरून टाकला, अलीकडच्या खुंट्याला मी बांधला, पण पलीकडच्या खुंट्यापर्यंत तो हातभर आखूड पडला. जोडायला काही शोधावं, तोवर वारा आलाच.

भाऊनं टोक उजव्या मनगटाला गुंडाळलं, खुंट्याला पाय लावले आणि बसला. ये माय! काय तो आवाज, काय ती धूळ! पत्रा वर उठायचा आणि भाऊचं सगळं अंग ओढलं जायचं. मी आणि आमच्यातल्याच बेबाबाईनं त्याच्या कमरेला मिठी मारली. "भाऊ, सोडा हो, हात जाईल!" मी ओरडले. तो नुसता "मोहिनी, मोहिनी" करत होता. खरं सांगते, मला तेव्हा देवही आठवला नाही, इतकी मी भ्यायले होते.

छप्पर राहिलं. हात काही राहिला नाही. म्हणजे खांद्याला आहे, पण बोटं मिटत नाहीत.

यंदाच्या आखाजीला मोहिनी लेकीला मांडीवर घेऊन झोक्यावर बसली. दोर नवा, भाऊनं स्वतः जाऊन आणलेला. डाव्या हातानं झोका देता देता तो मध्येच थांबतो, शेडचे चारही कोपरे बघून येतो. आता कुणी हसत नाही. त्याच्या मागून मीही जाते आणि पश्चिमेचा दोर एकदा ओढून बघते.