मागचे ब्रेक, सही

फोरमनकाका ब्रेक तपासायचे ते ट्रकच्या पुढ्यात उभे राहून. गुरुग्रामच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या आवारात त्यांनी खडूने एक रेघ मारली होती. रेघेच्या पलीकडे, हात पाठीमागे बांधून स्वतः उभे राहायचे आणि ड्रायव्हरला ओरडायचे, "आने दे!" ट्रक रेघेवर थांबला की बोनेटवर थाप मारून त्याला सोडायचे. ऑफिसच्या खिडकीतून मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले होते. वर येऊन ते म्हणाले, "ज्या ब्रेकवर मी माझा जीव ठेवत नाही, त्यावर रस्त्यावरच्या माणसांचा का ठेवू?"

सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले होते. पहाडगंजहून रोज मेट्रोने यायचे. कंपनीत मराठी आम्ही दोघंच. माझं सगळं शिक्षण दिल्लीत झालेलं, त्यामुळे माझ्या मराठीची ते यथेच्छ टिंगल करायचे. एकदा मी म्हटलं, "काका, चौदा नंबर बिल्कुल खराब झालीय." ते म्हणाले, "अगं बाई, मराठीत गाडी बिघडते, आणि तीही आपोआप बिघडत नाही. कुणी बिघडवली, ते सांग."

बिघाडांची वही ते मराठीतच लिहीत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "हिंदीत लिहिलं की मालक वाचतात. वाचलं की शब्द बदलायला सांगतात." बिघाड लिहायचा, पुढे 'सही' लिहायचं आणि त्यापुढे मालकांच्या सहीसाठी जागा सोडायची, ही त्यांची पद्धत. सही झाली की दुरुस्ती सुरू. दर शनिवारी त्या वहीवरून मी कंप्युटरवर हिंदी यादी करायचे आणि वहीसोबत मालकांसमोर सहीला ठेवायचे. याद्या करणं हे माझं काम, आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही.

सतबीरच्या ट्रकबद्दल सलग चार शनिवार एकच नोंद होती : मागचे ब्रेक, सही. पुढची जागा चारही वेळा कोरी. मालक म्हणायचे, "मैडम, अभी सीज़न है. अगले हफ़्ते देखेंगे." सतबीर स्वतः तक्रार घेऊन गेला, तर त्याला उत्तर मिळालं, "डर लगता है तो चाबी रख दे." चौथ्या शनिवारी काका त्या ट्रकपुढे उभे राहिले नाहीत. बाजूला झाले आणि मालकांच्या केबिनकडे बघत मोठ्याने म्हणाले, "इसके आगे मैं नहीं खड़ा होता!" केबिनचं दार बंदच राहिलं. ट्रक गेला.

मानेसरच्या पुढे एका उतारावर त्या ट्रकखाली एक स्कूटरवाला मेला.

ट्रक पुढे जाऊन दुभाजकावर चढला होता आणि त्याचा खालचा भाग पार चेपला होता. ब्रेक आधी गेले होते की धडकेने तुटले, हे तपासणीत ठरेना. भरपाईचं विमा कंपनीने पाहिलं. गुन्हा सतबीरवर : बेदरकारपणे गाडी चालवली. ब्रेक खराब होते आणि मालकांना ते ठाऊक होतं, याला पुरावा एकच, काकांची वही. काका ती घेऊन कोर्टात उभे राहिले.

तिथे काय झालं ते मला कंपनीच्या मुनीमजींनी हसत हसत सांगितलं. सरकारी वकिलाने नोंद मोठ्याने वाचली. "पिछले ब्रेक, सही. चार बार लिखा है, जनाब. सही!" काका म्हणाले, "मराठी में सही मतलब दस्तख़त." वकिलाने विचारलं, "दिल्ली में कितने साल हुए?" "तीस." "तीस साल में सही का मतलब नहीं सीखा?" कोर्टात हशा पिकला.

पुढच्या तारखेआधी काका माझ्या टेबलाशी आले. "तू फक्त येऊन सांग, 'सही'पुढची जागा कशासाठी असायची. तुझ्या याद्या आण. एवढंच." मी बघते म्हटलं.

याद्या तेव्हा राहिल्या नव्हत्या. "मैडम, वो पुरानी लिस्टें हटा दीजिए," असं मालकांनी सांगितलं होतं, आणि सांगितलेलं काम मी त्याच दिवशी उरकते. तोंडी साक्ष तरी देता आली असती. मी कागदावर कारणं मांडली. न जाण्याची पाच निघाली : नोकरी, मुलीची बारावी, असंच आणखी काहीबाही. जाण्याचं एक. तारखेच्या दिवशी मी ऑफिसात होते.

सतबीरला दोन वर्षांची कैद झाली. मालकांवर ठपका नाही. काकांनी राजीनामा दिला आणि नाशिकला मुलीकडे निघाले. निरोप घ्यायला वर आले, तेव्हा मी कोर्टाचा विषय काढू लागले. त्यांनी हातानेच थांबवलं. "मुलीचा अभ्यास कसा चाललाय?" एवढंच विचारलं.

काही महिन्यांनी सतबीरच्या फायलीत पत्ता अर्धवट दिसला, म्हणून त्याच्या बायकोला रेवाडीला फोन केला. कंपनीचं नाव सांगताच ती म्हणाली, "आप दफ़्तरवाली मैडम हैं ना? फोरमनजी जाने से पहले घर आए थे. हाथ जोड़ के बोले, ग़लती मेरी क़लम की है. आपका भी बता रहे थे. आप उस दिन अस्पताल में भर्ती थीं, नहीं तो ज़रूर आतीं. अब तबीयत कैसी है आपकी?"

"ठीक हूँ," मी म्हणाले, आणि पत्ता लिहून घेतला.