कॅलेंडरमागची काच

फोन आला तेव्हा मी गाळ काढायला विहिरीत उतरलो होतो. वरून बायको म्हणाली, "वर या... भावजी गेले." मी तिथंच पायरीवर बसलो. दीड महिना झाला त्याला. अण्णा माझे थोरले भाऊ. नऊ वर्षं ते माझ्याशी बोलत नव्हते. खरं सांगायचं तर मीच बोलत नव्हतो. त्यांनी मला माफ केलं होतं का, एवढंच विचारायचं राहिलं.

मी शाळेत असताना भूकंप झाला. अण्णांनी मला पाठकुळी घेऊन घराबाहेर काढलं. पुढं वर्षभर आम्ही अंगणात झोपलो, आणि मी त्यांचा सदरा मुठीत धरून. भित्रा म्हणून चिडवायचे, पण सदरा कधी सोडवून घेतला नाही. तेव्हापासून त्यांना जमिनीचं जे वेड लागलं ते लागलंच. पुढं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागले. सुट्टीत गावी अणदूरला आले की मला रानात फिरवायचे. बोरी नदीकडं जाणारा आमचा ओढा नीट सरळ येतो आणि बांधापाशी एकदम काटकोनात वळतो. ओढ्याच्या मनात आलं असंल, मी म्हणायचो. ते हसायचे. पाणी मनानं वळत नाही, खाली जमीन तुटलेली असली की त्या चिरेनं वाट धरतं, म्हणायचे. आईची गोधडी दोन्हीकडून रेटून घड्या पाडायचे. दगड दाबला की असा वाकतो, डोंगर उठतात, नद्यांना वळसा पडतो. वाकला नाही तर तुटतो आणि एक बाजू खाली सरकते. आमच्या विहिरीत तर ते डोळ्यांनी दिसतं. एका बाजूला तांबड्या मातीचा थर वरच आहे, समोरच्या बाजूला तोच थर दोन पुरुष उंचीएवढा खाली.

आणि मी शहाण्यानं नवं घर बांधलं ते नेमकं विहीर आणि ओढ्याचं वळण यांच्या मधल्या त्या तुटलेल्या रेषेवर. रस्ता जवळ होता ना! अण्णा म्हणाले, पन्नास पावलं मागं घे. मी चार माणसांत बोलून गेलो, "अण्णा, तुमची जमीन पुस्तकात हाय. माझी पायाखाली हाय." ते उठून गेले. वास्तुशांतीला आले नाहीत. दुसऱ्याच वर्षी स्वयंपाकघराच्या भिंतीला चीर गेली. तेव्हा तरी फोन करायचा की नाही? नाही केला. बायकोनं चिरेवर कॅलेंडर लावलं, मी बघायचंच सोडून दिलं.

तेरावा झाला त्या दिवशी तिनं मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि ते कॅलेंडर काढलं. चिरेवर आडवी काचेची पट्टी होती, दोन्ही टोकं सिमेंटात बसवलेली. भिंत जराशी सरकली तरी काच तडकावी म्हणून. शेजारी पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या, एकाखाली एक, सात-आठ वर्षांच्या. प्रत्येक तारखेपुढं 'शाबूत'. अक्षर अण्णांचं.

"तुमी नळदुर्गच्या बाजारला गेलात की यायचे," ती म्हणाली. काच बघायचे, चहा घ्यायचे, मी परतायच्या आत निघायचे. मग ती म्हणाली, "त्याला सांगू नको म्हणायचे. लहानपणापासून भित्रा हाय, झोपायचा न्हाय."

शेवटची तारीख गेल्या दिवाळीतली, अक्षर थरथरलेलं...

मी आता बाजारला जात नाही. बाजारच्या दिवशी स्वयंपाकघरात बसतो, दोन कप चहा ठेवायला सांगतो आणि कॅलेंडर वर करून बघतो. शाबूत हाय, अण्णा.