पान लागलं

लग्न होऊन टेंभुर्णीला आले तेव्हा मी पुण्याची दीडशहाणी होते. एका दुपारी शेजारीण धावत आली, "वैनी, जीप द्या! आमच्या मालकाला पान लागलं!" मी खो खो हसले. म्हटलं, "चुना कमी लावायचा. ताक पाजा, उतरेल." इकडे साप चावला की पान लागलं म्हणतात, हे सासूबाई रानातून आल्यावर कळलं. मग जीप निघाली, पण तिचा नवरा वाटेतच गेला.

आता मी आणि ती शेजारीण, दोघी म्हाताऱ्या झालो. ती सापाबद्दल आडून बोलत नाही. बाया भीतीनं "लांबडं" म्हणाल्या की खेकसते, "नाव घ्या की! नानेटी हाय ती, बेडकं खाती. जाऊ द्या." तिचं ऐकून मीही शिकले. माझ्याशी मात्र ती उंबऱ्याबाहेरूनच बोलते.

परवा आमच्या परसातल्या न्हाणीत पट्ट्यांचा साप निघाला. "मण्यार, मण्यार!" करत सगळे काठ्या घेऊन धावले. मी लांबूनच पाहिलं. पट्टे मानेपासून दाट होते, शेपटीकडे पुसट. म्हटलं, "थांबा, कवड्या आहे. विष नाही त्याला."

शेजारणीनं लांब काठीनं त्याला नाल्याकडे हाकललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बराबर वळखलं, वैनी. आता कुनी पान लागलं म्हन्लं तं जीप द्याल नं?"