नातीच्या परीक्षेला मी बसलो

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि तोवर चाळीशी लागली नव्हती. आमच्या उमरीत माझ्या बरोबरीचे सगळे गडी डोळ्याला काचा लावून हिंडायचे. मी उघड्या डोळ्यांनी गवंडीकाम करायचो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ उभी राहिली का वाकडी, हे बघायला तो वरून सोडतात. माझ्याकडंही होता, पण थैलीच्या तळाशी. मी दोन पावलं मागं सरायचो, बघायचो आणि सांगायचो. "माझी नजर हाच ओळंबा," असं चारचौघांत म्हणायचो. लोकही मान डोलवायचे.

त्याच साली आमच्या गल्लीतल्या विहाराच्या आवाराची भिंत मी बांधली. समितीचे अध्यक्ष शाळेतून रिटायर झालेले मास्तर. ते एक दिवस भिंतीजवळ उभे राहून म्हणाले, "मिस्तरी, वरचे थर रस्त्याकडं झुकल्यासारखे वाटून राहिलेत."

मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही खडू धरला, मी थापी धरली. ज्यानं त्यानं आपलं बघावं."

ते विहारात निघून गेले. मी त्या भिंतीकडं पुन्हा नीट बघितलं नाही. बघितलं नाही याचं कारण मला माहीत होतं. डावा डोळा दोन वर्षांपासून धुरकट झाला होता. जुन्या काचेवर चुन्याचं पाणी उडावं तसं दिसायचं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मोतीबिंदू असणार, आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत हे तर लहानपणापासून ऐकलेलं. पिकू दे, मग बघू. कच्चा काढला तर डोळा वाया जातो, असंच आमच्याकडं सगळे म्हणतात.

माझी नात म्हणजे मुलाची मुलगी. बारावीनंतर तिला डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून तिनं लातूरला ऑप्टोमेट्री घेतली. हा शब्द मला सहा महिने म्हणता आला नाही. लोकांनी विचारलं की मी सांगायचो, "डॉक्टर व्हायला गेली अन् चष्मेवाली होऊन राहिली." तिच्यासमोरही म्हणालो एकदा. ती रडली नाही का रागावली नाही. म्हणाली, "आबा, डोळ्याचा डॉक्टर ऑपरेशन करतो. त्याच्या आधी डोळा किती बघतो, कमी बघत असला तर कामून कमी बघतो, हे मोजायचं काम आमचं."

"मोजायचं? मग मिस्तरीच की तू."

"हाव. डोळ्याची मिस्तरीण."

तेव्हापासून मी लोकांना तसंच सांगू लागलो. पण दिवाळीला ती घरी आली की दाराला अक्षरांचा कागद चिकटवायची, आजीला, आईला, शेजारणींना उभं करायची, आणि मी मात्र चप्पल घालून बाहेर जायचो. कधी वाळू बघायला जायचं असायचं, कधी कुणाच्या घराच्या पायाची आखणी. तीन दिवाळ्यांत मी तिच्या हाती लागलो नाही.

मग तिचा फोन आला. तिसरं वर्ष संपत आलं होतं. "आबा, तुम्हाला लातूरला यावं लागतंय."

"कामून?"

"मॅडमनी सांगितलंय, प्रत्येकानं साठीच्या वरचं घरचं एक माणूस आणायचं. त्याचे डोळे सगळ्यांसमोर एकट्यानं तपासायचे. ह्यात जी चांगली निघतील त्यांनाच शेवटच्या वर्षाच्या ट्रेनिंगला नांदेडच्या दवाखान्यात जागा हाय. दोनच जागा. नाहीतर मला कुठंतरी लई दूर पाठवतील."

"तुझ्या आजीला ने."

"आजीचे डोळे मला पाठ हायत. मॅडमला कळंल."

नांदेड म्हटलं की रोज गाडीनं घरून जाणं-येणं. पोरगी वर्षभर घरात राहणार. मी हो म्हणालो. फोन ठेवला. मला वाटलं, ह्या परीक्षेत माझे डोळे बसणार. माझे डोळे नापास झाले तर नात नापास. म्हातारा धडधाकट निघाला तर म्हणतील, वा, चांगलं माणूस आणलंस. मला शाळा दुसरीपर्यंत. परीक्षा म्हणजे समोरच्याला बरोबर उत्तर देणं, एवढंच मला ठाऊक.

आदल्या दिवशी निघालो. उमरीहून गाडीनं नांदेड, तिथून एसटीनं लातूर, आणि मुक्काम रेणापूरला लेकीकडं. सकाळी पांढरं धोतर, कडक टोपी. कॉलेजात आम्हा म्हाताऱ्यांना एका बाकावर ओळीनं बसवलं. माझ्या आधी चौघं होती. खोलीचं दार उघडं आणि आतला आवाज बाहेर येत होता. समोर भिंतीवर एक चौकोनी उजेडाची पेटी होती आणि तिच्यावर अक्षरं. वरचं मोठं, खाली खाली बारीक होत गेलेली. आतली म्हातारी मोठ्यानं वाचत होती, "प. ग, म. ट, र, क."

मला वाचायला वेळ लागतो, पण पाठांतर पक्कं आहे. आयुष्यभर मापं डोक्यातच ठेवली. चौथा माणूस आत जाईपर्यंत मला पाचही ओळी तोंडपाठ झाल्या होत्या. मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाहुणं, जप करून राहिलात का?"

"हाव," म्हणालो.

मग नातीनं हाक मारली. ती पांढऱ्या कोटात होती. मी तिला तसं पहिल्यांदाच बघत होतो. आत तिच्या मॅडम खुर्चीवर, पाच-सहा पोरंपोरी भिंतीला लागून उभी. मॅडम म्हणाल्या, "बसा बाबा. पोरीला घाबरू नका."

"मी कुणाच्या बापाला भेत न्हाई," मी म्हणालो. सगळी हसली. बरं वाटलं.

नातीनं माझ्या नाकावर एक जड गोल चौकट बसवली. डाव्या डोळ्यापुढं काळी चकती घातली. उजव्यानं मी वाचलं. चार ओळी खऱ्याच दिसल्या, पाचवी पाठ होती. मग तिनं चकती उजवीकडं घातली. आता डाव्यासमोर नुसता पांढरा चौकोन, त्यात काळे डाग. मी छाती काढून बसलो आणि एका दमात म्हणून टाकलं, "प. ग, म. ट, र, क. ल, न, व, द. त, ह, ज, स, ब."

नातीनं लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला पाहिजे होता, तो दिसला नाही.

मग तिनं पडदा ओढून खोली अंधारी केली आणि हातातल्या नळीतून उजेडाची एक रेघ माझ्या डोळ्यांवरून फिरवू लागली. उजव्यावरून फिरवली, लिहिलं. डाव्यावरून फिरवली, थांबली. पुन्हा फिरवली. जवळ आली, लांब गेली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. नंतर तिनंच मला समजावून सांगितलं की डोळ्यात गेलेला उजेड आतून परत येतो. माझ्या उजव्यातून तो लख्ख येत होता आणि डाव्यातून गढूळ पाण्यातून आल्यासारखा. तोंडानं म्हातारा सगळं वाचतोय आणि उजेड म्हणतोय, ह्याला दिसूच शकत नाही. आता आबाचं लिहायचं का उजेडाचं?

ती मॅडमकडं बघून म्हणाली, "मॅडम, मला डावा डोळा पुन्हा बघायचाय."

 मॅडमनी मान डोलवली.

पेटीकडून खटकन आवाज आला. नात म्हणाली, "आबा, पुन्हा एकदा वाचा बरं. निवांत."

एकदा जमलेलं दुसऱ्यांदा कसलं अवघड? मी सुरू केलं, "प. ग, म. ट, र..."

भिंतीला लागून उभी असलेली पोरं फिसकन हसली. एक पोरगी तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. मी चौकट वर सरकवून उजव्या डोळ्यानं बघितलं. पेटीची बाजू तिनं फिरवली होती. तिथं एकसुद्धा अक्षर नव्हतं. सगळीकडं शेतातल्या दाताळ्यासारखी चित्रं. कुठं दात वर, कुठं खाली, कुठं बाजूला. वाचता न येणाऱ्यांसाठी असतो तो तक्ता.

मी उठलो. टोपी सरळ केली. "मला अडाणी समजून राहिलीस का? दुसरी पास हाय मी. चल, गाडीची वेळ झाली."

नात हसली नव्हती. ती माझ्या खुर्चीसमोर खाली बसली, लहानपणी चप्पल घालून घ्यायला बसायची तशी, आणि हळू म्हणाली, "आबा, परीक्षा तुमची न्हाई. माझी हाय."

"तेच तर! म्हणून तर पाठ केलं, माय. माझा डोळा नापास झाला तर तुला कोण पाठवतंय नांदेडला?"

 ती म्हणाली, "आबा, तुमच्या डोळ्यात काय हाय ते मला सापडलं तर मी पास. तुम्ही लपवलं अन् मला न्हाई सापडलं, तर नापास."

"मग हे आधी सांगायचं न्हाई का गं!"

आता मात्र मॅडमसुद्धा हसल्या. मी खाली बसलो. त्या हसण्याचा राग आला नाही, हे मला अजून नवल वाटतं. "घे," म्हणालो. "काय बघायचं ते बघ."

दाताळ्याचे दात कुणीकडं ते हातानं दाखवायचं होतं. डाव्या डोळ्यानं मला सगळ्यात वरचंसुद्धा दिसेना. ती जवळ जवळ येत गेली आणि बोटं दाखवत गेली. तीन हातांवर आली तेव्हा बोटं मोजता आली. मी खरं खरं सांगत होतो. खरं सांगायला एवढं सोपं जातं हे दोन वर्षांत कळलं नव्हतं.

मग तिनं आणखी एक केलं. मॅडमनी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं केलं. दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले, स्वतः एक पेन उभा धरला आणि माझ्या हातात दुसरा दिला. "आबा, वरून आणा अन् टोकाला टोक लावा."

मी नेम धरला आणि लावला. टोक पुढं निघून गेलं. पुन्हा लावला, पुन्हा पुढं. "किती चुकलं?" मी विचारलं.

"दोन बोटं."

मॅडम म्हणाल्या, "एका डोळ्यानं दिसतं बाबा, पण वस्तू पुढं आहे का मागं, याचा अंदाज दोन्ही डोळे मिळून बांधतात. तुमच्या नातीनं हे बरोबर तपासलं."

सगळे नातीकडं बघत होते. मला मात्र विहाराची भिंत दिसत होती. रस्त्याकडं झुकलेली. दोन बोटं.

मॅडमनी स्वतः डोळा बघितला. थेंब टाकून आतूनही बघितला. मोतीबिंदूच होता. मी म्हणालो, "ते ठाऊक हाय. पिकून राहिला. पिकला की काढू."

"बाबा, तो काय आंबा आहे का? जास्त पिकला तर काढायला अवघड जातो. आता अडतंय ना? मग आता काढायचा."

हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. पुढं नांदेडच्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं तेव्हा नात तिथंच ट्रेनिंगला होती. पट्टी काढल्यावर पहिली मोजणी तिनंच केली. आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय आणि वाचायला चाळीशीही लावतो. पण त्या ऑपरेशनपेक्षा त्या खोलीतली ती घटका मला जास्त आठवते. पोरीसमोर तिचा आजा एक सांगत होता आणि तिच्या हातातला उजेड दुसरं. तिनं आज्याची लाज राखायची म्हणून उजेड खोटा पाडला नाही. मॅडमनी तिला मध्येच टोकलं नाही, तिचं तिला शोधू दिलं. त्या दोघींचे उपकार मी मानतो. मी असे कुणाचे मानत नसतो.

त्या दिवशी मॅडमनी तिच्या कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "नांदेडच्या दोनातली एक जागा हिची."

नातीनं मला बसस्टँडपर्यंत आणलं. थेंबांमुळं ऊन डोळ्यात घुसत होतं, म्हणून तिनं आपला काळा गॉगल माझ्या डोळ्यावर चढवला. कडेला फुलं होती त्याच्या. मी म्हणालो, "उमरीत उतरताना काढीन हं."

"काढू नका आबा. लई छान दिसून राहिलात."

"मास्तरांनी बघितलं तर?"

"मास्तरांना का भेता?"

मी एसटीत चढलो. एसटी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी थैलीच्या तळातून ओळंबा काढला. त्याची दोरी कुजली होती, नवी बांधली. विहाराजवळ मास्तर झाडत होते. त्यांना म्हणालो, "मास्तर, जरा वरून दोरी धरता का?" त्यांनी झाडू ठेवला आणि स्टुलावर चढून दोरी धरली. वजन खाली आलं, हललं, थांबलं. वर दोरी भिंतीला चिकटलेली, खाली मधल्या जागेत माझी दोन बोटं आरामात गेली.  मी हातोडी आणि छिन्नी घेतली, स्टुलावर चढलो आणि वरच्या थराची पहिली वीट काढून त्यांच्या हातात दिली.