हेरल्डचं नाक

कोल्हारात बातमी उठली, की लालमहंमद मिस्त्रीनं राधाकृष्णच्या हेरल्ड गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा विकल्या आणि त्या पैशांत शेळी घेतली. बातमी मी उठवली नाही; फक्त चार घरी पोचवली. शेळी मिस्त्रीच्या सासरहून आली होती आणि जुन्या स्प्रिंगा त्याच्या खाटेखाली पडल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून. पण गाडी चार दिवस विटांवर नाक टेकून बसलेली दिसल्यावर लोकांनी काय समजायचं?

ही दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. मिस्त्रीचा सगळा जन्म ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनं खोलण्यात गेलेला. राधाकृष्ण बागायतदाराचा मुलगा. त्याला पुण्याकडच्या मोटारींच्या शर्यतीत उतरायची हौस. त्यानं मुंबईहून कडक शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा आणून मिस्त्रीपुढं ठेवल्या. म्हणाला, "वळणावर गाडी झुकाया नको. गुरुवारी येतो. जमलं तर तुमी माझ्यासंगं शर्यतीला. न्हाई जमलं, तर गाडी पुण्याच्या गॅरेजात."

शर्यतीला! मिस्त्री त्या दिवशी जेवलाच नाही.

स्प्रिंग दाबून शॉकअपवर चढवायची म्हणजे जिवाशी खेळ; निसटली तर जबडाच जायचा. त्यानं लांब बोल्ट लावून, आट्या-आट्यानं आवळत त्या चढवल्या. मग ट्रायल. गाडी सुरू झाली रे झाली, की शेजारची म्हातारी रतनबाई पाटी घेऊन हजर. "चाललाच हाइस तर राहुरीच्या बाजाराला सोड की रं!" तिच्यामागं आणखी तिघं. मिस्त्री आतल्या आत चरफडायचा, पण म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? येतानाही गाडी भरूनच यायची. मागं चार माणसं बसली की पुढचं नाक वर आणि स्टिअरिंग हलकं. मग नाक खाली आणायला मिस्त्री पुढचा भाग खोलून स्प्रिंगखाली उंचीसाठी घातलेली एकेक चकती काढायचा. असं तीनदा झालं.

चौथ्या खेपेला येताना नशिबानं कुणी भेटलं नाही. रिकामी गाडी पुलाजवळच्या वळणावर आली आणि पुढचं चाक मडगार्डला घासून किंचाळलं. तेव्हा कुठं मिस्त्रीला कळलं, की आपण शर्यतीची गाडी बाजारहाटाच्या मापानं बसवली.

बुधवारी त्यानं सगळ्या चकत्या परत घातल्या. भर दुपारी, गाव जेवायला बसलेलं बघून, एकटाच फिरवून आला. वळणावर गाडी पाट सरकवावा तशी सपाट गेली म्हणे. म्हणेच, बघायला होतं कोण?

गुरुवारी मिस्त्री सकाळपासून इस्त्रीच्या सदऱ्यात. राधाकृष्ण आला तो आत्याला, गोजरबाईला घेऊन. तिला पुण्याला लेकीकडं जायचं होतं. बरोबर सून आणि ज्वारीचं पोतं. ती थेट मागच्या सीटवर जाऊन बसली.

मिस्त्री म्हणाला, "आत्याबाई, पुलापातुर चक्कर मारून येतो. तवर उतरा."

"व्हय, आन् मला हितंच टाकून पळा! मागल्या टायमाला असंच केलं ह्या भाच्यानं."

"पोतं तरी काढू का?"

"पोतं तुला चावतंय व्हय? ऱ्हाऊ दे."

राधाकृष्णनं तशीच गाडी काढली. दहा मिनिटांत परत आला, मान हलवतच. "मिस्त्री, न्हाई जमलं. नाक उचलतीया."

"मालक, आत्याबाईंना उतरवून येकदा बघा की!"

"आत्याला कसं उतरवू? तुमीच सांगा."

गाडी पुण्याच्या वाटेला लागली. आत्याबाई मागच्या काचेतून हात हलवत होत्या.

मी ओट्यावरून म्हणालो, "काय मिस्त्री, आत्याबाईंनी पैला नंबर काढला म्हनायचं!"

मिस्त्री वळला. "हसा. पर ह्या गावात गाडीत येकटा बसनारा येक मानूस दावा, मंग मी शर्यतीची गाडी करून दावतो."