गोरं न करता

सहा वर्षं मी बायकांना गोरं करायचं काम केलं. भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर बसायचे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, स्थळासाठी पाठवायचे फोटो, सगळं माझ्याकडे यायचं. पुढच्या खोलीतून मालक आवाज द्यायचे, "जरा उजळ कर गं." मी गाल उजळायचे, कपाळ उजळायचे. मान राहिली तर मालकच आठवण करून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी न मागता त्यांनी आठवडाभर सुट्टी दिली होती.

मी स्वतः काळी आहे. लोक सावळी म्हणतात, ते त्यांचं चांगुलपण. माझा स्थळासाठीचा फोटो मीच उजळ केला होता. पहिल्याच वेळी बघायला आलेल्या मुलाच्या आईनं एकदा मोबाइलमधल्या फोटोकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. चहा घेऊन मंडळी गेली. आई कप उचलता उचलता म्हणाली, "एवढी खोटी कशाला झालीस?" मी तो फोटो सगळीकडून काढून टाकला, पण सोमवारी कामावर जाऊन दुसऱ्यांचे तसेच फोटो करत राहिले.

मला फोटो दुरुस्त करण्यापेक्षा काढायचे होते. मालक म्हणायचे, "तू आत बरी आहेस." म्हणून मीरा रोडच्या एका गाळ्यात दर रविवारी चालणाऱ्या लायटिंगच्या क्लासला मी नाव घातलं. आम्ही बाराजण होतो, त्यात बाया दोन. दर रविवारी सरावासाठी एक मॉडेल बोलवायचे. सर शिकवायचे छान. मुख्य दिवा कुठे ठेवायचा, नाकाची सावली कुठे पडू द्यायची, केसांमागे बारीक उजेड का द्यायचा, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. पहिले तीन रविवार एकच मॉडेल आली, उंच आणि अगदी गोरीपान. तिच्यावर कसाही दिवा मारला तरी फोटो बरा यायचा. आम्हाला वाटायला लागलं, आपल्याला जमतंय.

चौथ्या रविवारी ती आली नाही. तिच्याऐवजी भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावची एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. कपड्यांच्या दुकानात सेल्सला होती आणि मॉडेलिंगमध्ये जायची तिची इच्छा होती. रंग माझ्याहून गडद, गालाची हाडं वर आलेली, मान लांब. ती दारातून आत आली आणि सर तिच्याकडे बघतच राहिले. मग जिनं तिला पाठवलं होतं त्या बाईला त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. "फोटो में तो अलग दिख रही थी," ते म्हणाले. हळू बोलायची तसदी त्यांनी घेतली नाही.

क्लास सुरू झाला. सर म्हणाले, "डार्क स्किन आहे, दिवा वाढवा. बाकीचं नंतर कॉम्प्युटरवर बघू." आम्ही दिवा वाढवला. तिच्या कपाळावर पांढरा डाग पडला आणि बाकीचा चेहरा राखेसारखा आला. आणखी वाढवला तर मागची भिंत फोटोत पांढरीफट्ट जळाली. कुणीतरी म्हणालं, "अरे, कॅमेराच घाबरला." दोन-चार जण हसले. ती हसली नाही.

अर्ध्या तासानं सरांनी टाळी वाजवली. "चला, आज सिलुएट शिकू या." म्हणजे दिवा माणसाच्या मागे न्यायचा, मागचं सगळं उजळ आणि माणसाची फक्त काळी आकृती. नाक, ओठ, हनुवटी यांची कड दिसते, चेहरा दिसत नाही. ती मुलगी पुढचे दीड तास तशी उभी राहिली. बाराजणांनी तिचे फोटो काढले आणि एकाच्याही फोटोत तिचे डोळे नव्हते. मीही काढले. हे सांगायला लाज वाटते, पण काढले.

सुटल्यावर ती रिक्षा स्टँडकडे निघाली. मी मागोमाग गेले आणि पहिलं तोंडात आलं ते विचारलं. "तुझा फोटो कुठे काढला होतास? त्यांना पाठवलेला?"

"भायंदरला. स्टेशनजवलच्या स्टुडिओत." तिनं मोबाइल काढून दाखवला. आमच्याच स्टुडिओचा निळा पडदा होता. त्या पडद्याला उजवीकडे एक सुरकुती आहे, ती मी प्रत्येक फोटोत पुसायचे. इथेही पुसलेली होती. चेहरा दुधासारखा केला होता. कानाची पाळी तेवढी मूळ रंगाची राहिली होती. माझीच चूक.

मी तिला सांगितलं. हा फोटो मी केला, तुला न विचारता केला, आणि आज तुला जे ऐकावं लागलं ते त्याच्यामुळे.

ती मोबाइलमधल्या फोटोकडे बघत राहिली. दोन रिक्षा भरून गेल्या. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती म्हणाली, "मंग आता तूच काढ. जशी हाय तशी. येतंय तुला?"

"नाही येत," मी म्हटलं.

"शिक मंग. मी येतंय."

पुढच्या रविवारपासून क्लास संपला की आम्ही दोघी सराव करायला लागलो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं हॉल दिला नाही. बाबा आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीवर होते. त्यांनी विहाराच्या मागची खोली दुपारची मागून दिली. माझ्याकडे एक सेकंडहँड फ्लॅश, उजेड पसरवायची एक छत्री आणि उधार कॅमेरा, एवढंच होतं. पहिल्या दिवशी सरांनी शिकवलं तसं केलं आणि फोटो तसाच आला, कपाळावर डाग, बाकी राख. दुसऱ्या रविवारीही तेच. तिनं कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "ही मी न्हाय." मी ते फोटो पुसून टाकले. तिनं पुन्हा स्टुलावर बसून मान सरळ केली.

तिसऱ्या रविवारी आई चहा घेऊन आली. खोली तापली होती, म्हणून तिनं दार उघडंच ठेवलं. दाराबाहेर कपडे वाळत घालायच्या स्टँडवर कुणीतरी पांढरी चादर टाकली होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. चहा घ्यायला त्या मुलीनं मान वळवली आणि तिच्या गालावर, हाडापासून जबड्यापर्यंत, उजेडाचा एक रुंद पट्टा उमटला. चेहरा पांढरा पडला नाही. होता त्याच रंगाचा राहिला, फक्त त्याला आकार आला.

मी चहा तसाच ठेवला. त्या दुपारी मला जे कळलं ते कुठल्याच रविवारी कुणी सांगितलं नव्हतं. गोऱ्या चेहऱ्यावर उजेड पसरतो. काळ्या चेहऱ्यावर तो चमकतो. म्हणून तिथे उजेड ओतत बसायचं नाही. एखादी मोठी पांढरी वस्तू अशा जागी धरायची, की तिची चमक कातडीवरून सरळ कॅमेऱ्यात येईल. दिव्याचा जोर वाढवायचा नाही, उजेडाचा पृष्ठभाग मोठा करायचा आणि तो बाजूला न्यायचा. मी स्टँड आत ओढला, चादर ताणून बसवली, चादरीच्या मागून फ्लॅश मारला. एकदा स्टँड फार पुढे झाला, एकदा फार मागे. आई स्टँड सरकवत होती आणि "आता बास कर, पोरीला भूक लागली असेल," म्हणत होती. दहाव्या की बाराव्या फोटोत ती मुलगी आली. काळी, आणि डोळे, गाल, ओठ सगळं जागच्या जागी.

तिनं कॅमेरा हातात घेतला. फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. "आयला दाखवाचा हाय," एवढंच म्हणाली.

क्लासच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकानं आपला एक फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा होता. मी तिचाच दिला. ती माझ्या शेजारी बसली होती, मीच हट्टानं आणलं होतं. फोटो आला. सर पुढे झुकून म्हणाले, "लाइट चांगलाय. खरंच चांगलाय." मग त्यांनी माउस हातात घेतला. "फक्त थोडा उठवू या, म्हणजे अजून खुलेल." आणि स्क्रीनवर तिचा चेहरा हळूहळू फिका व्हायला लागला.

मी उभी राहिले. "सर, मागे घ्या."

"अगं, उदाहरण म्हणून दाखवतोय."

"हे काम मी सहा वर्षं करतेय. तुमच्यापेक्षा सफाईनं करते. मला करायचं असतं तर मी घरूनच करून आणलं असतं. मागे घ्या."

कुणीतरी खुर्ची सरकवली. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी मागे घेतलं. तिचा रंग परत आला. "मार्केटमध्ये हे चालत नाही," ते म्हणाले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"नको चालू दे," मी म्हटलं. "पण तुम्ही त्या दिवशी हिला दीड तास चेहऱ्याशिवाय उभं केलंत, आणि आम्ही सगळ्यांनी ते केलं. ते चुकलं, एवढं तरी म्हणा."

त्यांनी माउस पुढे सरकवला. पुढचा फोटो लावला. सर्टिफिकेट नंतर पाठवतो म्हणाले होते, ते अजून आलेलं नाही.

सोमवारी स्टुडिओत गेले आणि मालकांना सांगितलं, की यापुढे गिऱ्हाइकानं स्वतः मागितल्याशिवाय मी कुणाला उजळ करणार नाही. ते म्हणाले, "मागतातच की सगळे." मी म्हटलं, "मग विचारू." विचारलं, तर बरेच जण खरंच मागायचे. त्यांना मी म्हणायचे, एकदा पुढच्या खोलीत बसा, मी नीट उजेड लावून काढते, तरी नाही आवडला तर मग बघू. काहींना आवडायचा, काही म्हणायचे, ते जाऊ दे, गोरं करा. महिनाभर मालकांनी सहन केलं. मग एक दिवस म्हणाले, "तुझं खरं आहे, पण माझं दुकान आहे." मी नोकरी सोडली. भांडण झालं नाही. निघताना मी पडद्याला इस्त्री करायला सांगितली.

त्या मुलीनं आमचे फोटो पंधरा-वीस ठिकाणी पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका साडीवाल्यानं लिहिलं, चेहरा सुंदर आहे पण आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "यांचं गिऱ्हाईक म्हंजे कोण, माझी आय साड्या न्हाय घेत?" मग ऑक्सिडाइज्ड दागिने विकणाऱ्या एका बाईनं बोलावलं. तिचे दागिने गोऱ्या मॉडेलवर खुलतच नव्हते म्हणे. ते काम अजून चालू आहे. दुकानातली नोकरी तिनं सोडलेली नाही.

मी आता विहाराच्या त्याच खोलीत फोटो काढते, आणि लोकांच्या घरीही जाते. मागच्या महिन्यात मीरा रोडला, नया नगरच्या पुढे, एका साखरपुड्याला चादर आणि स्टँड घेऊन गेले होते. मुलगी गडद होती. तिच्या मावशीनं मला बाजूला घेतलं. "तेवढं गोरं करून द्याल ना?"

"नाही करत मी," मी म्हटलं. "येते ती छानच येते. दाखवू का?"

मावशींनी बघितलं नाही. मुलगी मात्र मागून येऊन कॅमेऱ्यात वाकून बघत होती. ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं पदर नीट केला. लग्नाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं, हे मला नंतर कळलं. दिलं तर दिलं. साखरपुड्याच्या त्या संध्याकाळी मी चादर होती तिथेच ठेवली आणि पुढचे सगळे फोटो तसेच काढले.