ज्याला मी तिच्यासमोर उभं केलं

विमा कंपनीतल्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो. कॉलेजात मी ज्यूदो खेळायचे. हे कळल्यावर जवाहर नगरातल्या मराठी बायकांनी मला धरलंच, आमच्या मुलींच्या गटाला स्वसंरक्षण शिकवा म्हणून. अकरा मुली होत्या, बारा ते सोळा वर्षांच्या. रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आम्ही सुरू केलं. पकडलेलं मनगट कसं सोडवायचं, पोटातून कसं ओरडायचं, सुटल्यावर मागे न बघता कसं पळायचं.

त्यातली एक तेरा वर्षांची, विद्याधर नगरहून यायची. वडील बँकेत. लहानखुरी, पण मनगट असं काही फिरवायची की मोठ्या मुलींनाही ती धरून ठेवता यायची नाही. मराठी अडखळत बोलायची. तिला स्कूटरवरून सोडायला एक काका यायचे, वडिलांचे मित्र, त्यांच्याच बिल्डिंगमधले. वर्ग संपेपर्यंत दाराशी पेपर वाचत बसायचे. मी त्यांना चहा द्यायचे. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून इतक्या लांब निभतं," असं मी त्यांना एकदा म्हणालेही.

एका रविवारी तिने विचारलं, "काकू, ओळखीचं कोणी असेल, मतलब, तरी पण ओरडायचं?"

"ओळखीच्या माणसावर कशाला ओरडशील?" मी म्हणाले. मुली हसल्या. तीही हसली. मी पुढचा डाव दाखवायला लागले.

पुढच्याच रविवारी माझ्या डोक्यात आलं, की या एकमेकींबरोबरच सराव करतात, पुरुषाच्या हातातला जोर यांना कसा कळणार? मी त्या काकांना आत बोलावलं. "जरा हिचं मनगट धरता का?" आणि वर्गात सगळ्यांत चांगली म्हणून तिलाच पुढे केलं.

त्यांनी हसत मनगट धरलं. ती हललीच नाही. हात गळून गेलेला, नजर सतरंजीवर.

"अगं, सोडव! ओरड!"

तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी चिडले. "इतके महिने शिकवलं ते पाण्यात गेलं का? अशीच उभी राहणार आहेस?"

"असू दे हो, घाबरली ती," काका म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते प्रेमाचं वाटलं.

त्यानंतर ती आली नाही. परीक्षा असेल, असं मी धरून चालले.

दोनेक महिन्यांनी तिची आई घरी आली. पाण्याचा पेला तिने हातात तसाच धरून ठेवला. मुलीने शाळेतल्या बाईंना सगळं सांगितलं होतं. वर्षभर चाललं होतं ते. पोलिसांत तक्रार झाली होती, त्या माणसाला अटक झाली होती. आता त्या दोघी नाशिकला मावशीकडे निघाल्या होत्या, वडील बदली मिळाली की जाणार होते.

"तुम्हाला भेटायचं म्हणतेय," आई म्हणाली. "खाली गाडीत आहे."

मी चपला न घालताच उतरले. मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले. "तू विचारलंस, मी ऐकून घेतलं नाही. आणि वर त्यालाच..."

ती खिडकीबाहेर बघत होती. "काकू, मला सोडवायला येत होतं."

"माहितेय मला."

"पण तुम्हीच त्यांना बोललात ना, हिला पकडा. मला वाटलं, तुम्हाला पण सगळं माहितेय."

आई येऊन पुढे बसली, गाडी निघाली आणि मी फाटकात अनवाणी उभी राहिले.

वर्ग मी बंद केला नाही. आता पहिल्याच दिवशी ओळखीच्या माणसांबद्दल बोलते. एका आईने त्यावरून मुलीला गटातून काढलं. मुलींच्या मनात नको ते भरता, म्हणाली. मी वाद घातला नाही, पण ते बोलायचं थांबवलंही नाही.

नाशिकहून अधूनमधून आईचा फोन येतो. मुलगी शाळेत जाते, बरं चाललंय, म्हणते. दर वेळी मी विचारते, "देता का तिला?"

"झोपलीय हो ती," आई म्हणते.

दुपारचे चार वाजलेले असतात. मागे तिचा आवाज मला ऐकू येत असतो.